बटाट्याच्या शेतातून

रूनारने टॅब्लेट फ्रीजरच्या पिशवीत घातलाय.
पिशवीवर अजून माझंच अक्षर आहे: "पर्च मासा, ऑगस्ट".
झिपवर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर रबर,
आणि ते सगळं बिऱ्हाड सुकाणूच्या खांबाला करकचून.
"आता खडकाची काय बिशाद," म्हणतो.
इस्पितळात चाळीस वर्षं वायरी ओढल्यात माझ्या भावाने.
विजेवर त्याचा जीव, माणसांवर जरा बेतानेच.

पाऊस म्हणावा असा नाही, नुसती भुरभुर.
पण थेंब काचेवर पडला की टॅबला वाटतं
कुणीतरी बोट लावलं.
नकाशा फुगतो, आक्रसतो,
मघाशी आपल्या मनानेच नॉर्वेला जाऊन आला.
आणि रूनारची खरी बोटं, ओली, गारठलेली,
त्यांना मात्र तो ओळख देत नाही.
म्हणून रूनार वाकतो, नाकाने नकाशा सरकवतो.
बासष्ट वर्षांचा माणूस
समुद्राची पापी घेतल्यासारखा.
मी हसते.
"हसू नकोस गुनव्होर, खडक आलाय."

खडक तर येणारच.
क्वार्केनच्या या सामुद्रधुनीत
मूठभर फुटाणे उधळावेत तशी बेटं,
आणि दर वर्षी जमीन नखभर वर येते.
बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली,
तरी भारा टाकलेल्या बाईसारखी
ती अजून पाठ सरळ करतेच आहे.
बाबा ज्या धक्क्यावरून पोहायला उड्या मारायचे
तो आता गवतात उभा आहे.
त्याच्या लोखंडी कड्यांना शेजारचा एस्किल वासरं बांधतो.

तीनच्या सुमाराला टॅब थबकला.
मग पडद्यावरची आमची नाव उठली
आणि ताशी नव्वद मैलांनी सुटली
किनारा ओलांडून, चर्चवरून, पेट्रोलपंपावरून
आणि एका शेतात जाऊन उभी राहिली.
"हे तर बटाट्याचं शेत," रूनार म्हणाला,
"निल्स-एरिकचं."
दुसरा टॅब काढला, फोन काढला.
तिघांचं एकमत: तुम्ही बटाट्यात आहात.
कुणीतरी, कुठेतरी, आकाशातल्या खुणा पुसत होतं.
कोण, ते आम्ही दोघंही बोललो नाही.
शीड भरलेलं होतं. वाऱ्याला यातलं काही कळलेलं नव्हतं.

गादीखालून बाबांचा नकाशा काढला, एकाहत्तर सालचा,
घडीवर झिजलेला, कॉफीचं एक पूर्ण वर्तुळ.
पुढच्या चिंचोळ्या वाटेवर पेन्सिलीने: दोन मीटर दहा.
मला हायसं वाटलं, आणि लगेच
बाबांचा आकडाही शिळा आहे हे आठवलं.
त्रेपन्न वर्षं गुणिले नखभर.
रूनारने तोंडी हिशेब केला, मी बोटांवर.
एक पासष्ट उरलं.
आमचा कणा पाण्यात एक साठ.
म्हणजे मध्ये तीन बोटं,
आणि पाणी आज चढलंय की उतरलंय, देव जाणे.

शीड उतरवलं. मी नाळेवर पोटावर पडले,
ओळंबा सोडत, ओरडत आकडे सांगत.
एक ऐंशी. एक सत्तर.
मग बराच वेळ मी काहीच ओरडले नाही.
खाली शेवाळ दिसत होतं, त्यात एक गोल, उजळ धोंडा,
इतका जवळ की त्याच्यावर हात ठेवावा.
खालून काहीतरी खरवडल्याचा आवाज आला,
भाकरी तव्यावरून सुटते तसा.
दोन दहा. तीन. आठ.

संध्याकाळी खुणा परतल्या. टॅब निमूटपणे पाण्यात आला.
त्याच्यावर दिवसभराची आमची लाल रेघ होती,
चर्चवरून शेतात, शेतातून परत.
"पुसू का?" मी विचारलं.
रूनार नाक पुसत म्हणाला, "राहू दे.
दोन-तीनशे वर्षांनी इथे बटाटेच असतील.
चुकला नाही तो. जरा घाई केली त्याने."

मी पेन्सिलीला टोक काढलं.
बाबांच्या आकड्याखाली नवा आकडा लिहिला, शेजारी साल.
हात थोडा थरथरत होता,
त्यामुळे सहाचा आकडा शून्यासारखा दिसतो.
पुढच्याने समजून घ्यावं.